आपल्या ताटाचे संशोधन आपणच करावे



सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपुरात भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला विषय आहे सूक्ष्म पोषकद्रव्यांचा. लोह, जस्त, आयोडीन, जीवनसत्त्वे यांची शरीराची गरज अगदी थोडी. ब-१२ तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. पण तेवढेही दीर्घकाळ मिळाले नाही, तर रक्त आणि मज्जातंतू दोन्ही खालावतात. पोट भरलेल्या माणसाचेही कुपोषण होते ते असे.

इथे कमला सोहोनींचे स्मरण करणे मला कर्तव्य वाटते. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. स्त्री म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नाकारलेला प्रवेश त्यांनी १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांच्याशी झगडून मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. पुढे कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेत मात्र त्यांनी तपासायला घेतले ते गरिबाला परवडणारे अन्न : डाळी, धानआटा आणि नीरा. नीरेत त्यांना जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. लोक जे खातात तिथून संशोधन सुरू करायचे, हा त्यांचा धडा आहे.

तोच धडा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुढे नेला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास त्यांनी केला. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. एक जीवनसत्त्व भरपूर देताना दुसऱ्याची उणीव पाहिली पाहिजे, हे या अभ्यासाने जगाला सांगितले. याच गावांत ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात, त्यांची बाळे अंगाने मोठी जन्मली.

आता आपल्या भाकरीकडे येऊ. धान्यातले फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवते. भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने ते कमी होते. जेवणात लिंबू किंवा कच्ची कैरी असली की लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. वाणही महत्त्वाचे. २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ बाजरीत किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आहे. अशा लोहसमृद्ध बाजरीची भाकरी आणि शेव राज्यातील शाळकरी मुलांना देऊन पाहिली, तेव्हा सहा महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मित्रहो, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, भिजवल्या ज्वारीचे बिबडे, अंबाडीची भाजी, पावरा आणि भिल्ल कुटुंबांतील मक्याची भाकरी यांतले लोह-जस्त आपण मोजले पाहिजे, आणि तेही शिजवल्यानंतर. शरीर त्यातले किती घेते, हेही तपासले पाहिजे. शिरपुरात औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, धुळ्यात बाजरीचे संशोधन चालते, जळगावला विद्यापीठ आहे. या तिघांनी हे काम वाटून घ्यावे. निष्कर्ष अहिराणीत आणि पावरी बोलीत लिहून अंगणवाडीच्या भिंतीवर लावावेत. रक्तक्षय असलेल्या मातेला लोहाची गोळी द्यावीच लागेल, ती वेळेवर द्या. पण तिच्या मुलीवर ती वेळ येऊ नये, यासाठी आजपासून कामाला लागा, एवढीच माझी आपणास कळकळीची विनंती.