दोन गाड्यांच्या मधले स्टेशन



आज पदवी घेऊन तुमच्यापैकी कित्येक जण मुंबई, पुणे, हैदराबादकडे निघतील. त्यांपैकी अनेकांचा प्रवास हिंगोली डेक्कन स्टेशनवरून सुरू होईल. निजामाच्या रेल्वेने १९१२ साली पूर्ण्याहून इथवर मीटरगेज आणली, २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला, २०२४ मध्ये मुंबईची जनशताब्दी जालन्यावरून हिंगोलीपर्यंत वाढली. आता स्टेशनांच्या पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेत हिंगोली आणि वसमत या दोन्ही स्टेशनांची निवड झाली आहे. अशा वेळी विचारायचा प्रश्न इमारत किती देखणी होईल हा नाही. एक गाडी गेल्यावर दुसरी येईपर्यंत ते स्टेशन कोणाच्या उपयोगी पडेल, हा खरा प्रश्न आहे. उपनगरी स्टेशनवर दर काही मिनिटांनी लोंढा येतो, तिथे मोकळी जागा काढणे हीच कसरत असते. आपल्याकडे दिवसाचे कितीतरी तास फलाट रिकामा असतो. ही उणीव सगळेच बोलून दाखवतात. पण सार्वजनिक जागेच्या दृष्टीने पाहिले तर तीच आपले भांडवल आहे.

महाराष्ट्रात स्टेशनचा गाड्यांपलीकडे उपयोग करण्याचा मोठा प्रयोग नवी मुंबईत झाला. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली, तेव्हा या मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा ते शहर वसवणाऱ्या सिडकोने उचलला होता आणि वाशी स्टेशनवर कार्यालयांचे संकुल उभे राहिले. स्टेशन एकट्या रेल्वेचे नसते, शहर वसवणाऱ्यांचेही असते, हे तत्त्व त्यातून घ्यावे. नकाशा मात्र उचलू नये. हिंगोलीला कार्यालयांचा मजला नको आहे. इथे हवी आहे सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, संध्याकाळी दिवे असलेली अभ्यासिका, आणि हळदीला ग्राहक. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजनेतला एखादा ठेला त्यासाठी पुरेसा नाही. बचत गटांच्या महिलांना आठवड्याच्या बाजारासारखी ठरावीक, छपराखालची जागा द्यायला हवी. पाण्याचा हिशेब तर सरळ आहे: वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १००० चौरस मीटर छपरावर ८ लाख लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन वजा जाता त्यातले निम्मे जरी जमिनीत मुरवले, तरी परिसरातल्या झाडांची आणि विंधनविहिरीची सोय होते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून मराठवाड्यातली कोणतीही सार्वजनिक इमारत बांधली जाऊ नये.

‘आधी गाड्या द्या, मग बागा लावा,’ असा आक्षेप येईल. गाड्यांची मागणी रास्त आहे आणि ती सोडूच नये. पण बांधकाम एकदा झाले की पुढची कित्येक वर्षे ते बदलत नाही. उद्या गाड्या वाढल्या तर अंधाऱ्या, कोंदट स्टेशनवरच गर्दी वाढेल. दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. म्हणून बाजार असो वा अभ्यासिका, प्रवाशाच्या वाटेतली एक फूटही जागा त्यासाठी घेऊ नये. हे सारे फलाटाबाहेरच्या आवारात, तिकिटाशिवाय जाता येईल अशा भागात व्हावे. उरतो देखभालीचा प्रश्न. नारळ फोडायला सगळे येतात, नळ दुरुस्त करायला कोणी येत नाही, हा आपला जुना रोग आहे. त्यावर उपाय एकच: नगरपरिषद आणि रेल्वे यांच्यात लेखी करार व्हावा, गाळ्यांचे भाडे त्याच आवाराच्या देखभालीला बांधलेले असावे आणि त्याचा जमाखर्च स्टेशनच्या भिंतीवर लावलेला असावा.

तुमच्यात अभियंते आहेत, वाणिज्य आणि समाजशास्त्राचे पदवीधर आहेत. रेल्वेत स्टेशन सल्लागार समिती असते, विभागीय प्रवासी सल्लागार समिती असते. तिथे गाड्यांच्या वेळांची निवेदने जातात, आराखड्यावरचा अभ्यास क्वचितच जातो. हिंगोलीच्या स्टेशनचे मोजमाप घ्या, कोण कोणत्या वेळी तिथे थांबतो याची नोंद करा, आणि काम पूर्ण होण्याआधी ती नांदेडच्या विभागीय कार्यालयात दाखल करा.