निकालानंतरची सकाळ

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हक्काची लढाई जिंकली की आपण पेढे वाटतो, हार घालतो, फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चूल पेटवायची असते आणि निकालाचा कागद काही चुलीत घालता येत नाही. त्या दुसऱ्या सकाळचा विचार करणाऱ्या एका माणसाविषयी मी आज बोलणार आहे. त्यांचे नाव फ्लॉइड मॅकिसिक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी कोर्टात आणि रस्त्यावर लढलेला हा वकील पुढे एका कंपनीचा प्रमुख झाला आणि त्याने एक नवे शहर वसवायला घेतले.

मॅकिसिक यांचा जन्म १९२२ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात अ‍ॅशव्हिल येथे झाला. त्या काळी तिथे गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यातून युरोपात गेले. तिथे बॉम्बहल्ल्यांत मोडून पडलेली गावे लोक पुन्हा उभी करत होते. गाव पायापासून नव्याने बांधता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून राहिली.

परत आल्यावर त्यांना वकील व्हायचे होते. पण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या कायदा विभागात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. प्रकरण कोर्टात गेले. थरगूड मार्शल त्यांच्या बाजूने लढले. हेच मार्शल पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. १९५१ साली निकाल बाजूने लागला, तोपर्यंत मॅकिसिक यांचे कायद्याचे शिक्षण काळ्यांसाठीच्या दुसऱ्या कॉलेजात पुरे झालेले होते. आता त्या विद्यापीठाची त्यांना गरज नव्हती. तरी त्या उन्हाळ्यात ते तिथल्या वर्गात जाऊन बसले. दार उघडले असेल तर त्यातून कोणीतरी आत गेले पाहिजे, नाहीतर ते पुन्हा बंद होते.

पुढे त्यांनी डरहॅम गावात वकिली केली. १९६० साली काळे विद्यार्थी दुकानांतल्या गोऱ्यांच्या टेबलांवर जाऊन शांतपणे बसू लागले आणि तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या बाजूने हे उभे राहिले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ या संघटनेचे नेते जेम्स फार्मर येऊ शकले नाहीत, कारण ते लुइझियानाच्या तुरुंगात होते. त्यांचे भाषण मॅकिसिक यांनी वाचून दाखवले. १९६६ साली ते स्वतः त्या संघटनेचे राष्ट्रीय संचालक झाले.

तोपर्यंत १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला होता. आता कोणत्याही खाणावळीत बसता येत होते. पण बसल्यावर थाळीचे पैसे कुठून द्यायचे? दक्षिणेतल्या खेड्यांत काम नव्हते. माणसे उत्तरेकडच्या मोठ्या शहरांत जात होती आणि तिथल्या गलिच्छ वस्त्यांत अडकत होती. ज्याच्या हाती जमीन, भांडवल आणि धंदा नाही, त्याचे स्वातंत्र्य अपुरे राहते, या निष्कर्षाला मॅकिसिक आले. १९६८ साली त्यांनी संघटना सोडली आणि स्वतःची कंपनी काढली.

जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी जाहीर केले की नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉरन काउंटीत आपण ‘सोल सिटी’ नावाचे शहर उभारणार. सोल म्हणजे आत्मा. वॉरन हा गरीब, शेतीचा भाग. निवडलेली जमीन पूर्वी गुलामांकडून कसून घेतलेल्या मळ्याची होती. शहर सर्व वर्णांच्या लोकांना खुले राहणार होते, पण त्याची आखणी आणि मालकी काळ्या माणसांच्या हाती असणार होती.

एवढ्या कामाला पैसा हवा होता. केंद्र सरकारची नव्या शहरांसाठी एक योजना होती. तिच्यात सरकार कर्जरोख्यांना जामीन राहत असे. १९७२ साली सोल सिटीला १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतची हमी मंजूर झाली. त्याच वर्षी मॅकिसिक यांनी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांना जाहीर पाठिंबा दिला. चळवळीतल्या जुन्या सोबत्यांना ते लागले. काहींनी त्यांना विकला गेलेला माणूस ठरवले. चळवळीतून धंद्यात जाणाऱ्याला हा शब्द बहुधा ऐकावाच लागतो.

काम सुरू झाले. रस्ते झाले, दवाखाना झाला, शेजारच्या गावांबरोबर मिळून पाणीपुरवठा योजना झाली, कारखान्यांसाठी एक मोठी इमारत उभी राहिली. मग गाडी अडली. वस्ती नाही म्हणून कारखाने येईनात आणि रोजगार नाही म्हणून वस्ती वाढेना. त्यात मंदी आली. १९७५ साली रॅलेच्या वृत्तपत्राने गैरव्यवहाराचे आरोप करणारी लेखमाला छापली. सिनेटर जेसी हेल्म्स यांनी चौकशी लावून धरली. सरकारी हिशेबतपासनिसांना गंभीर असा गैरप्रकार सापडला नाही. पण चौकशीत महिने गेले आणि जे उद्योजक येणार की नाही अशा विचारात होते, ते बिचकले. १९७९ मध्ये सरकारने हमी आवरती घेऊन जमीन ताब्यात घेतली. जिथे हजारो लोक राहायचे होते, तिथे तेव्हा दोनशेही नव्हते.

सगळा दोष विरोधकांवर टाकणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. त्या योजनेतल्या तेरा नव्या शहरांपैकी जवळजवळ सगळीच बुडाली, आणि त्यांतल्या बाकीच्यांचे चालक काळे नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांना नहेम्याची गोष्ट पाठ आहे. त्याच्याकडेही राजाची पत्रे होती, राजाच्या रानातले लाकूड होते, आणि सनबल्लट व तोबीया हे हिणवणारेही होते. पण यरुशलेमचा कोट बांधताना अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. घरे आधीपासून तिथे होती. सोल सिटीला पत्र मिळाले, लाकूड मिळाले, पण घरासमोर उभे राहायला माणसे अजून यायची होती. सगळा भार एकाच जामीनदारावर होता. त्याने हात काढला आणि छप्पर खाली आले.

पण हिशेब इथेच मिटत नाही. एव्हा क्लेटन यांनी सोल सिटीच्या फाउंडेशनचे काम पाहिले होते. १९९२ साली त्या नॉर्थ कॅरोलिनातून अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. शहराच्या आखणीवर काम केलेले तरुण वास्तुरचनाकार हार्वे गँट पुढे शार्लट शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. त्या पाणी योजनेचे पाणी आसपासच्या गावांना मिळत राहिले. आणि याच हिशेबात दुसऱ्या बाजूला हेही लिहावे लागते की सोल सिटीसाठी घेतलेल्या जमिनीवर नंतर तुरुंग उभा राहिला.

मॅकिसिक स्वतः ते गाव सोडून गेले नाहीत. पुन्हा वकिली केली आणि तिथल्या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. १९९० साली त्यांची जिल्हा न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी ते वारले आणि सोल सिटीतच त्यांना पुरले.

वकील, संघटक, उद्योजक, पाळक, न्यायाधीश. इतक्या खुर्च्या बदलल्या म्हणून कोणी त्यांना चंचल म्हणेल. मला त्यात एकच धागा दिसतो. आपल्या माणसाला स्वतःच्या गावात, स्वतःच्या कमाईवर, मान वर करून राहता यावे, एवढेच त्यांना हवे होते. एका वाटेने तिथे पोचता आले नाही तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. म्हणून कोणाचा हक्क मिळवून देताना त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारत जाऊ या: उद्यापासून हे घर कशावर चालणार? आणि आपण निघून गेलो तरी ते चालेल का?