हलकं शीड कसं निवडायचं?

देवणी म्हटलं की लोकांना आमची देवणी गाय आठवते, समुद्र नाही. पण समुद्र तर भोपाळलाही नाही. तरी तिथल्या बड्या तलावावर शिकलेल्या एबाद अलीनं हांगझोऊच्या आशियाई खेळांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, विंडसर्फिंगचं कांस्यपदक जिंकलं. मीही गोव्यात शिकतेय, आणि सेकंडहँड शिडासाठी पैसे साठवलेत.

दोन शिडं बघितली, दोन्ही ५ चौरस मीटरची. आकार सारखा असेल तरच वजनाची तुलना करा. पहिलं साध्या मोनोफिल्मचं: पारदर्शक, हलकं, पण उन्हानं कडक होऊन तडकतं. दुसऱ्यात धाग्यांची जाळी आहे. किंचित जड, पण भोक पडलं तरी चीर लांबवर जात नाही.

नुसतं शीड तोलू नका. डोलकाठीही बघा, कार्बन जास्त तेवढी ती हलकी. बॅटन, म्हणजे शिडातल्या पट्ट्या, मोजा. कमी असतील तर वजन कमी, पण जोराच्या वाऱ्यात आकार डळमळतो. आणि शीड ओलं करून उचला. डोलकाठीची बाही पाणी पिते, खरं वजन तेव्हा कळतं.

माझं वजन ४८ किलो, म्हणून मोह हलक्याचाच होता. तरी जाळीवालं घेतेय. पाण्यातून ओढायला थोडा जोर जास्त लागेल, तो सरावानं येईल. शीड तडकलं तर पुन्हा एवढे पैसे कुठून आणू?

तुम्ही कोणतं घेतलं असतं? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!