खुरपं न चालणारं शेत

सुक्या मेव्याच्या दुकानात हल्ली क्रॅनबेरी सहज मिळते. ती ज्या वाफ्यात पिकते, तिथं मात्र खुरपं चालत नाही.

ही मूळची उत्तर अमेरिकेतली सदाहरित वेल. हिला जमीन आम्लधर्मी आणि ओलसर लागते. १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या हेन्री हॉल यांच्या लक्षात आलं, की वाऱ्यानं वाळू उडून पडते तिथं ही वेल जास्त फोफावते. तिथून तिची लागवड सुरू झाली. आज अमेरिकेतलं निम्म्याहून अधिक पीक विस्कॉन्सिनमध्ये येतं. पण वेलीची चाल तीच आहे. सरपटती खोडं एकमेकांत गुंततात, सगळा वाफा झाकून टाकतात. ओळीच नाहीत, तर कोळपं घालणार कुठून? गवत उपटायला जावं, तर वेलीच्या काड्याही हातात येतात. आणि नांगरून टाकावं, तर नीट राखलेला वाफा शंभर-शंभर वर्षं फळ देतो. तो कोण मोडील?

पूर्वी मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी गवतावर चक्क रॉकेल मारत. आता सेथॉक्सिडिम आणि क्लेथोडिम ही औषधं आहेत. ती वेलीवरही पडतात, पण मरतं ते गवत. गवताच्या पेशीत मेदाम्लं तयार करणारं एक विकर असतं, त्यालाच ही औषधं अडकवतात. क्रॅनबेरीतलं तेच विकर वेगळ्या घडणीचं असल्यामुळे तिला धक्का लागत नाही. फवारणीनंतर आठवडाभर गवत वरून हिरवंच दिसतं आणि शेतकरी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. त्यानं मधलं कोवळं पान चिमटीत धरून ओढून पाहावं. ते अलगद सुटून येतं आणि बुडाशी तपकिरी, कुजकं दिसतं. म्हणजे काम झालं. अर्थात गवत कोवळं आणि वाढीला लागलेलं हवं. पाण्याच्या ताणानं सुकलेल्या गवतावर मारलेलं औषध बहुतेक वाया जातं.

इथं आपल्या ओळखीचा एक घोटाळा होतो. सोयाबीनमध्ये याच गटातलं क्विझालोफॉप मारून लव्हाळा मरेना, म्हणून कपाळाला हात लावणारे तुम्ही पाहिले असतील. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण त्याचं कूळच निराळं. दांडा बोटांत फिरवला, की तीन कडा लागतात. क्रॅनबेरीच्या वाफ्यातही लव्हाळ्याचे भाऊबंद भरपूर. क्लेथोडिमला ते दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी मेसोट्रायोन. आपल्या मक्यातलं हे औषध तिथंही चालतं आणि तण पांढरं पाडतं. वेलीच्या वर डोकं काढणाऱ्या उंच तणाला ग्लायफोसेटचा बोळा नुसता पुसतात. थेंब खाली ठिबकला, तर तेवढी वेल गेली.

औषध कोणतं, याची चर्चा आपण फार करतो. माझ्या मते कधी मारलं हे त्याहून मोठं. कळीचा देठ आकड्यासारखा वाकल्यापासून फळ पुरतं धरेपर्यंत क्लेथोडिम मारायचं नाही, असं डब्यावरच छापलेलं असतं. सेथॉक्सिडिम मारलं, तर तोडणीपर्यंत ६० दिवस जाऊ द्यायचे.

ही शिस्त कशासाठी, ते १९५९ साली दिसलं. अमिनोट्रायाझोल हे तणनाशक फळं काढून झाल्यावरच मारायला परवानगी होती. काहींनी ते आधी मारलं. ९ नोव्हेंबरला, क्रॅनबेरीचा मोठा बाजार असलेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला अडीच आठवडे उरले असताना, अमेरिकेचे आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं, की ओरेगॉन-वॉशिंग्टनकडच्या काही फळांत हे रसायन सापडलं आहे आणि उंदरांत त्यानं थायरॉइडचा कर्करोग होतो. झालं, देशभर विक्री कोसळली. पुढच्या वर्षीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर डोळा ठेवून विस्कॉन्सिनला आलेल्या उपाध्यक्ष निक्सन यांनी क्रॅनबेरीचा सॉस खाऊन दाखवला, सिनेटर केनेडींनी रस प्यायला. पुढाऱ्यांना मतं दिसत होती, शेतकऱ्यांना पडून राहिलेला माल. ज्यांनी नियम पाळला होता त्यांचीही फळं त्या सणाला कुणी घेईना. सरकारनं पुढे भरपाई दिली, पण सणाचा बाजार गेला तो गेलाच.