पहारेकरी आधी, गडी नंतर
(वार्षिक संमेलनातील भाषण)



घराचे चोरांपासून रक्षण करणारे आणि त्याचबरोबर दिवे, पंखे, गीझर, कुलपे हीही चालविणारे जे पॅनेल आज बाजारात मिळते, ते कसे निवडावे, यावर बोलण्याची चिटणीसांची आज्ञा आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. तथापि तारेतून वीज कशी वाहते हे मुलांना शिकविले आहे, आणि या विषयाला तेवढे भांडवल पुष्कळ पुरते.

आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी असून घरी दोन वृद्ध माणसेच राहतात. तेव्हा ही वस्तू आता केवळ हौसेची राहिलेली नाही. या पॅनेलला एकाच वेळी दोन नोकऱ्या कराव्या लागतात : पहारेकऱ्याची आणि घरगड्याची. गड्याने दांडी मारली तर फार तर दिवा हाताने लावावा लागेल. पहारेकरी एक रात्र झोपला तरी अनर्थ ओढवेल. म्हणून दुकानदार दिव्यांचे रंग बदलून दाखवू लागला की त्यास नम्रपणे थांबवावे आणि विचारावे, "इंटरनेट बंद असताना तुमचे पॅनेल काय काय करते?"

हा प्रश्न शंकेखोराचा नव्हे. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे घर चालविणारे एक उपकरण विकले जात असे. नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली; धडधाकट उपकरण निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच अकस्मात बंद पडले. पुढे नव्या मालकांनी ते पुन्हा चालू केले, ही गोष्ट वेगळी. नेस्ट सिक्युअर हे तर खास पहाऱ्याचेच यंत्र. २०२० मध्ये त्याची विक्री थांबली आणि एप्रिल २०२४ मध्ये गूगलने त्याचा आधारही काढून घेतला. याउलट एल्क कंपनीचे एम-वन पाहा. त्यात पहाऱ्याचे आणि घरकामाचे दोन्ही नियम भिंतीवरील पेटीतच साठविलेले असतात. दिसायला ते ओबडधोबड आहे, परंतु निर्णयासाठी त्याला सातासमुद्रापलीकडे विचारावे लागत नाही. मला हाच प्रकार पसंत आहे.

आता तारेविषयी. दारावरील सेन्सरपाशी, तारेच्या टोकाला, एक छोटा रेझिस्टर बसवितात. पॅनेल तारेतील रोध सतत मोजत असते. तार कापली तर रोध अनंत होतो, दोन तारा एकमेकींस जोडल्या तर शून्य होतो. दोन्ही लबाड्या पॅनेलला तत्काळ कळतात. परंतु पुष्कळ कारागीर कंटाळ्याने तो रेझिस्टर पॅनेलच्या पेटीतच बसवून मोकळे होतात. मग मधली तार जोडली तरी पॅनेल निश्चिंत! काम चालू असता समोर उभे राहून पाहावे. बिनतारी सेन्सर घेतल्यास, तो ठरावीक वेळाने पॅनेलला हजेरी देतो की नाही, एवढे विचारून घ्यावे.

बॅटरीचा हिशेब तर चौथीचा मुलगाही करील. पेटीत १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि यंत्रणा ०.३ अँपिअर वीज घेत असेल, तर भागाकार साधारण २३ तासांचा येतो. बॅटरी जुनी झाली की तो पुष्कळ घटतो. भारनियमनाच्या गावी हे ध्यानी धरावे, आणि राऊटरलाही इन्व्हर्टरवर घ्यावे.

मुलाने अमेरिकेहून प्रेमाने पाठविलेले पॅनेल मात्र जपून स्वीकारावे. तेथील झेड-वेव्ह उपकरणे ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतातील ८६५.२ वर, एकाच घरात राहून त्यांची गाठ पडणार नाही. शिवाय तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. सिमकार्डाचेही तसेच. केवळ टूजीवर चालणाऱ्या पॅनेलमध्ये जिओचे सिम चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाही. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले, तेव्हा जुन्या पॅनेलांचा संपर्क तुटला होता. म्हणून फोरजीचेच घ्यावे.

कुलपाच्या बाबतीत माझे मत कठोर आहे. आत वृद्ध माणसे असतील तर दार आतून हाताने, विजेवाचून उघडलेच पाहिजे. मुलाने परदेशातून दार उघडून देण्याची सोय ठेवावी, आई-वडिलांचे दार बंद करण्याची सत्ता ठेवू नये. मोलकरणीला निराळा संकेतांक द्यावा, म्हणजे काम सुटल्यावर तेवढाच रद्द करता येतो. आणि दटावणीचा संकेतांक अवश्य मागावा : चोराने धाकाने पॅनेल बंद करावयास लावले, तर हा अंक दाबल्यावर भोंगा गप्प होतो, पण संदेश मुकाट्याने बाहेर जातो.

तो संदेश प्रथम कोणाकडे जावा? बोस्टनमधील मुलाकडे नव्हे, शेजारच्या बिऱ्हाडाकडे. मुलगा तेथून तळमळण्यापलीकडे काय करणार? शेजारी निदान चप्पल पायात घालून येईल.

बॅटरीचा हिशेब ज्यांना करून हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. कागद-पेन्सिल जवळ आहे.