बदली एकाची, बिऱ्हाड सगळ्यांचं

भारतीय परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याची साधारण तीन वर्षांनी बदली होते. आदेश एकाच्या नावाचा, पण बिऱ्हाड सगळ्यांचं हलतं. सामान जहाजाने निघतं. कुकर, मसाल्याचा डबा, मुलांची पुस्तकं आठवडेच्या आठवडे समुद्रावर.

खरा प्रश्न जोडीदाराच्या नोकरीचा. १९६१ च्या व्हिएन्ना करारामुळे कुटुंबीयांनाही राजनैतिक संरक्षण मिळतं, नोकरीचा हक्क मात्र मिळत नाही. त्यासाठी दोन देशांत वेगळा करार लागतो. भारताने असे अनेक केलेत, आणखी व्हायलाच हवेत. कारण नोकरी सुटण्याची झळ बहुतेकदा बायकांनाच बसते. करार असला, तरी त्या नोकरीपुरतं दिवाणी खटल्यांपासूनचं संरक्षण उरत नाही. डॉक्टर किंवा वकील असाल, तर तिथला परवाना नव्याने काढायचा. तो हाती येईपर्यंत कधीकधी पुढच्या बदलीची वेळ झालेली असते.