घाम दिसत नाही तेव्हा



जालना रोडनं छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर पडलं, चिकलठाणा मागं पडलं की पुढं शेंद्रा एमआयडीसी लागते. इथं गाड्यांचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, ऑरिक सिटी या औद्योगिक नगरीचे रुंद रस्ते आहेत. शेजारच्या शेंद्रा कमंगरला ऐन चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. लोक नवस फेडायला लेकराबाळांसह येतात. त्याच दिवसांत दुसऱ्या पाळीचे कामगार भर दुपारी बसमधून उतरतात.

चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा ४१ अंशांवर गेला, तर तो आकडा सावलीतला असतो. तिथला तापमापक हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तापलेल्या पत्र्याखाली वेल्डिंग करणाऱ्याला किंवा डांबरी रस्त्यावर खडी पसरणाऱ्याला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं.

अंग गार राहतं ते घाम वाळतो म्हणून. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो इतका झटकन वाळतो, की सदरा भिजलेला दिसतच नाही. संध्याकाळी पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. अंगातलं पाणी किती गेलं, याचा पत्ताच लागत नाही. दमट हवेत उलटा प्रकार होतो, घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. पारा चाळिशीच्या खालीच होता, तरी उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला.

धोका नवख्याला जास्त. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. गावाकडून कालच आलेल्या ठेक्यावरच्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात राबवू नये. काम दिवसागणिक वाढवावं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील, तर उन्हाळ्यात प्यायचं पाणी गार करून द्यावं, ही तरतूद १९४८च्या कारखाने अधिनियमातच होती.

तहान लागेपर्यंत थांबू नये. थोडं थोडं पाणी, मीठ घातलेलं ताक घेत राहावं. ओआरएसची पूड पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले, की काम सोडून सावली गाठावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून गाफील राहू नये. कष्टाचं काम करणाऱ्याला घामाघूम असतानाही उष्माघात होतो. लगेच १०८ नंबर फिरवावा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत आडवं करावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा. काखेत, मानेवर, जांघेत ओली फडकी किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये.